सकाळी सहाची दिव्यदृष्टी

गेल्या वर्षी आषाढापासून दिवाळीपर्यंत मला भविष्य दिसत होतं. सगळं नाही. सकाळी सहापासून संध्याकाळी साडेसातपर्यंतचं, आणि तेही रविवार सोडून.

हसू नका. त्या चार महिन्यांत आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत माझ्या दारात जेवढे नारळ आले, तेवढे कोपऱ्यावरच्या मारुतीला आले नसतील. (घरात रोज खोबऱ्याची चटणी. शेवटी शेवटी यजमान नारळ बघितला की जेवण झालंय म्हणायचे!)

माझा धंदा शिवणाचा. गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत, त्यामुळं माझ्याशी सहसा कुणी वाकडं घेत नाही. यजमान शिरोलीला एका फौंड्रीत कामाला. त्यांची पाळी दुपारी सुरू होते, त्यामुळं संध्याकाळचं आमचं घर निव्वळ बायकांचं. त्या घराच्या सर्वेसर्वा म्हणजे आमच्या आत्या. सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो. वय शहात्तर, दात स्वतःचे, आणि आवाज असा की बाहेरच्या खोलीत खोकल्या तर रंकाळ्यावर फिरणारी माणसं मागं वळून बघावीत.

रोज साडेसातला आमच्या बाहेरच्या खोलीत 'उंबरठ्याची शपथ' ही मालिका लागायची. शाल्मली नावाची सून, थोरल्या आईसाहेब नावाची सासू आणि विश्वजित नावाचा नवरा. विश्वजितची स्मृती तोवर तीनदा गेलेली होती. (आमच्या यजमानांची एकदाही गेलेली नाही, तरी भाजी आणायची रोज विसरतात!) आठ-दहा बायका लसूण, घेवडा, मेथीची जुडी असं काहीबाही मांडीवर घेऊन यायच्या. एका भागात शाल्मलीचा फक्त वळून बघण्याचा कार्यक्रम व्हायचा, तेवढ्यात शेरभर लसूण सोलून व्हायचा.

पण आमच्याकडं मालिका नुसती बघत नसत. आधी तिचा अंदाज लावत. सात पंचवीसला टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि आज काय घडणार ते एकेकीनं सांगायचं. जिचं खरं निघेल तिला दुसऱ्या दिवशी पंख्याखालच्या गादीच्या खुर्चीचा मान. बाकीच्यांना सतरंजी. त्या खुर्चीवर शेजारच्या आक्काताईंचं बूड दोन वर्षं हललेलं नव्हतं. आत्या रोज अंदाज लावायच्या आणि रोज चुकायच्या. घर आपलं, टीव्ही आपला, खुर्ची आपली, आणि बसायची शेजारीण! हे दुःख त्या बोलून दाखवायच्या नाहीत, पण आक्काताईंच्या चहात साखर कमी पडायची.

मला कधी कुणी विचारलं नाही. "तू हुकं लाव," एवढाच माझा सहभाग.

आषाढात यजमानांनी माझ्या फोनला कसलंसं मोठं रिचार्ज मारलं, त्याच्याबरोबर एक ॲप फुकट आलं. सकाळी डबे झाले की मी मशिनीवर बसते. फोन टेकवला दोऱ्याच्या डब्याला, कानात इयरफोनची बोंडं घातली आणि लावली 'उंबरठ्याची शपथ'. मला वाटलं, कालचाच भाग असणार. दहा मिनिटांनी पायडल थांबलं. हे काल झालेलंच नव्हतं! खाली लिहिलं होतं, 'टीव्हीच्या आधी पाहा'. संध्याकाळी साडेसातला लागायचा भाग सकाळी सहाला माझ्या दोऱ्याच्या डब्याला टेकून उभा होता.

देवाशपथ सांगते, त्या संध्याकाळी माझ्या मनात काही कपट नव्हतं. आक्काताई खुर्चीत रेलून म्हणाल्या, "आज शाल्मली घर सोडणार. काल ब्याग भरताना दावलीया."

"कुठली जातीया!" आत्या म्हणाल्या. "थोरल्या आईसाहेब अडिवणार तिला."

मी हुक लावता लावता बोलून गेले, "सोडत बी न्हाय आणि अडवत बी न्हाईत. तिच्या मंगळसूत्राचा मणी आमटीत सापडणार."

"आमटीत?" सगळ्याजणी लसूण सांडेपर्यंत हसल्या. "सुमन, डोस्कं फिरलं काय गं तुझं?"

सात अठ्ठेचाळीसला आमटीत मणी वर आला. तीन बाजूंनी तीनदा दाखवला, वर विजा कडाडल्या. आत्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि माझ्याकडं बघितलं. एकोणीस वर्षांत त्यांनी मला एवढं नीट कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खरं सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण सकाळी दारात भाजीवालीला आत्या म्हणत होत्या, "आमच्या सुमनला दिसतंय." आमच्या सुमनला! एकोणीस वर्षं मी 'ही' होते, 'ती' होते, रागाच्या दिवशी 'आतली' होते. त्या दिवशी मी नावानं सुमन झाले आणि 'आमची' झाले. सांगा, कुणाच्या तोंडून खरं बाहेर पडलं असतं? आणि शिवाय, गादीची खुर्ची लई मऊ होती. तिच्यावर मी बसले नाही. आत्यांना बसवलं. आक्काताई सतरंजीवर बसल्या तेव्हा आत्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते बघून मी ठरवलं, आता काही बोलायचं नाही.

मग हे वाढत गेलं. आधी बायका मालिकेचं विचारायच्या, मग घरचं विचारायला लागल्या. ब्लाउजाचं कापड हातात, नारळ पिशवीत, आणि तोंडात प्रश्न. म्हैस कधी विणार? पोराला नोकरी लागणार का? जाऊबाई कानातलं परत करणार का? आता म्हैस काही ॲपवर नसते. पण नऊशे भाग बघितलेल्या बाईला एक कळलेलं असतं: काहीही कळायच्या आत थांबायचं. मी डोळे मिटायची, बोटानं कापड चाचपायची, म्हणायची, "दिसतंय... पण अजून उघडून दिसंना. सोमवारी या." सोमवारी आल्या की परत तेच. मालिका अशीच चालते, मी का चालू नये? म्हैस आपल्या वेळेला विणायची आणि नारळ मला यायचा.

यजमानांना यातलं काहीच माहीत नव्हतं. घरात काय चाललंय हे त्यांना कायम सगळ्यात शेवटी कळतं. एकदा त्यांनी विचारलं, "एवढं नारळ कुठनं येत्यात गं?" मी म्हणाले, "गिऱ्हाईकं चांगली हायीत." त्यांचं समाधान झालं.

मग आलं पल्लवीचं लग्न.

पल्लवी ही माझ्या नणंदेची, वनिता वन्संची मुलगी. वन्सं गडमुडशिंगीला असतात. पल्लवी इथं एका दवाखान्यात नर्स आहे, पाळीच्या वेळा अडनिड्या, म्हणून दोन वर्षं आमच्याकडंच राहायला. गुणाची पोर. कामावरून आली की गॅलरीत बसून फोनवर दवाखान्याचं तास-तास बोलायची, एवढी कामसू! एका मध्यस्थानं तिला जयसिंगपूरचं स्थळ आणलं. मुलगा रोहित, शेती औषधांचं दुकान, एकुलता एक. वन्संना ठरवता येईना. एक दिवस त्या आल्या आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"वैनी, तू व्हय म्हण न्हायतर न्हाय म्हण. तू म्हणशील तसं."

"वन्सं, मी काय सांगू? पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय."

"म्हणूनच तर तुला इचारतोय!"

म्हशीचं निराळं, पल्लवीचं निराळं. तिला मी या घरात वाढून दिलंय, तिचे युनिफॉर्म शिवलेत. माझ्या एका 'हो'वर ती कुठल्यातरी घरात जन्मभरासाठी जाणार, आणि त्या 'हो'च्या मागं काय, तर ॲप! तडक आत्यांकडं गेले, म्हटलं पाय धरून सगळं सांगून टाकते. आत्या नृसिंहवाडीच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "दत्तम्हाराजांची किरपा," त्या म्हणत होत्या. "आमच्या घरातच उजेड पाडला बघ." मी उजेड पदराखाली घेऊन आल्या पावली परत फिरले.

वन्संना म्हटलं, अजून उघडून दिसंना, आधी पोरगा तर बघू द्या; आणि पाहुणे बुधवारी येणार असं ठरलं. बुधवार मुद्दाम, म्हणजे मटण करता येतं. खरं तर दाखवायच्या कार्यक्रमाला पोहे-चहा पुरतो. पण आत्यांचा हट्ट, की पाहुण्यांनी मालिका संपेपर्यंत थांबलंच पाहिजे, आमच्या सुमनचं आजचं भविष्य खरं होताना बघितलंच पाहिजे. त्यामुळं पोह्यांच्या मागं तांबडा-पांढरा रस्सा लागला. बुधवारी पहाटे उठले. म्हटलं आधी भाग बघून घ्यावा. फोन उघडला, तर ॲप म्हणतं, 'तुमची मुदत संपली आहे'.

यजमान झोपेतून उठून बसले. "अगं, काल मी नवीन रिचार्ज मारलं की. ह्यात रोजचा डेटा ज्यादा हाय!"

"आणि ॲप?"

"कसलं ॲप?"

दत्तमहाराजांची कृपा अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांची होती, आणि यजमान दर वेळी तेच रिचार्ज मारत होते म्हणून ती चार महिने टिकली, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना म्हटलं, "संध्याकाळच्या आत ते जुनं रिचार्ज मारा, न्हायतर रस्सा मिळणार न्हाय." पाहुण्यांसाठी त्यांनी सुट्टी घेतलेली होती. 'मारतो' म्हणाले आणि मटण आणायला गेले. मटण आणलं. रिचार्ज विसरले.

पाच वाजता पाहुणे आले. रोहित, त्याचे वडील आणि त्याची आई, शोभाताई. वडील मुखदुर्बळ. बोलणं सगळं शोभाताईंच्या वाट्याला. त्यांना बघायला आमची अर्धी गल्ली जमलेली. पल्लवी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मग आत्यांनी खाकरून घसा साफ केला.

"आमच्या सुमनला फुडचं दिसतं, ईनबाई."

शोभाताईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "असं? मला बी दिसतं की. आमच्या जैसिंगपुरात सकाळधरनं बायका दारात असत्यात माझ्या."

एका छपराखाली दोन देव! आक्काताईंना तर भर उन्हात कुल्फी मिळाल्यासारखं झालं. चार महिने त्या सतरंजीवर होत्या.

"मग दोघींनी बी सांगा की! 'उंबरठ्याची शपथ'मदी आज काय हुणार?"

"व्हय," वन्संनी निकाल दिला. "दोघींचं जुळलं तर सोयरिक जुळली. न्हाय जुळलं तर पोहे खावा आणि सुखानं जावा."

म्हणजे बघा, लोक पत्रिका जुळवतात, आम्ही मालिका जुळवायला बसलो होतो!

पहिला मान माझा. मी डोळे मिटले. आत काळोख. रिचार्जच नाही तर दिसणार काय? पण नऊशे भागांचा अनुभव पाठीशी होता. मी म्हणाले, "आज... काय बी हुणार न्हाय. शाल्मली जिन्यात हुबी दिसतीया. हुबीच हाय."

शोभाताईंनी मान हलवली. "न्हाय. आज इश्वजित जिन्यावरनं पडतोय. तिसऱ्या पायरीवरनं. हातात दुधाचा पेला हाय. आणि पेला फुटत न्हाय."

"जुळंना," वन्सं म्हणाल्या.

पल्लवीचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, ट्रे जड झाला असेल.

पण माझं डोकं त्या पेल्यापाशी अडकलं होतं. पेला फुटत नाही! देव एवढ्या बारकाव्यात जात नाही. मी उठले आणि म्हणाले, "शोभाताई, जरा आत येता? रश्श्याचं मीठ बघाय पायजे." त्याही लगेच उठल्या. चोराला चोराची पावलं कळतात.

आत मी ओट्याला टेकले आणि हळूच म्हणाले, "पेला फुटत न्हाय हे देवाला दिसत न्हाय, ताई. हे रिचार्जला दिसतंय."

त्यांनी उचललेली पळी परत रश्श्यात ठेवली. "तुमच्या बी फोनात हाय?"

"हुतं. काल संपलं."

"अगं माझ्या बया!" त्या स्टुलावर बसल्या. "आणि पोरांचं लगीन त्याच्यावर टांगलंय!"

मला एकदम केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे मी एकटी नव्हते. जिल्ह्यात रिचार्जगणिक एक देवी बसलेली असणार. शोभाताईंनी माझा हात धरला. "सुमनताई, माझं बिंग फोडू नका. बत्तीस वर्सं त्या घरात मला कुणी काय इचारलं न्हाय. आता दुकानाचं शटर बी मला इचारून उघडत्यात."

त्या बोलल्या आणि मला रडू यायला लागलं. मग रश्श्यात मीठ घालून आम्ही दोघींनी मार्ग काढला. बाहेर येऊन मी जाहीर केलं, "आमचं दोघींचं बी बरोबर हाय. मला ब्रेकच्या आदीचं दिसतं. शोभाताईंना ब्रेकनंतरचं."

मग आत्यांनी दोन्ही हात जोडले. "अर्दं अर्दं! म्हंजे ही दोन घरं एक झाली तर पुरा भाग दिसणार!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यांनी डबा आणून साखर वाटली, रोहितच्या वडिलांना दोनदा दिली. सोयरिक ठरली. इथंच मी शहाणपणानं रस्सा वाढायला घेतला असता तर आज ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

पण सात वाजून पाच मिनिटांनी यजमान आत डोकावले. "मारलं बघ रिचार्ज. जुनंच."

मला राहवेना. शोभाताईंवर विश्वास होता, पण खातरजमा करायला काय हरकत? फोन घेऊन रश्श्यापाशी उभी राहिले, ॲप उघडलं, आजचा भाग दाबला. चित्र येईना. आवाज येईना. आवाज वाढवला. तरी येईना. पूर्ण वाढवला. फोन मुका. आणि बाहेरच्या खोलीत मात्र शीर्षकगीत असं दणाणलं की ताटं वाजायला लागली.

"आज लौकर लागलं!" कुणीतरी ओरडलं.

"घड्याळ मागं हाय काय गं?"

"आवाज कमी करा, कान फुटलं!"

मला वाटलं, केबलवाल्यानं लवकर लावलंय. म्हणजे मला घाई केली पाहिजे! मी फोनवर गाणं वगळायचं बटण दाबलं.

बाहेर आत्यांचा आवाज आला, "आरं, गाणं कुणी गिळलं?" (त्या शीर्षकगीताला हात जोडतात. त्यात तुळस दाखवतात.)

फोनवर तरीही चित्र नाही. मी बोटानं भाग पुढं सरकवला. आणखी सरकवला. बाहेर एकच गलका उठला. नऊशे भागांत पहिल्यांदा शाल्मली जिना एका दमात उतरली होती! उतरायला तिला एरवी सोमवार ते बुधवार लागतो. मी बोट मागं ओढलं, ती उलट्या पावलांनी वर चढली. आक्काताई किंचाळल्या. मी परत पुढं ढकलली आणि तेवढ्यात धडाधड धडाधड आवाज झाला. विश्वजित तिसऱ्या पायरीवरून पडला. पेला फुटला नाही.

मी फोन घेऊन तशीच बाहेर धावले. सगळ्या उभ्या. टीव्हीच्या कोपऱ्यात माझं नाव, 'सुमनचा फोन', चांगलं ठसठशीत. आणि टीव्हीशेजारी यजमान, कुणाचाही प्रश्न आलेला नसताना उत्तर द्यायला तयार.

"काय घाबरू नगासा. हिचा फोन टीव्हीला जोडलाय मी. काल रात्री आमच्या तालमीच्या टीमची फुटबॉलची म्याच बघिटलो न्हवं, तवापासनं आपोआप जोडतोय." मग हसून पुढं म्हणाले, "ही रोज सकाळी सहाला मशिनीवर बघती, त्योच भाग ह्यो. तुमी सगळ्याजणी सांजच्याला परत बघताय व्हय?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढं सलग आणि एवढं स्पष्ट ते आजवर कधी बोलले नव्हते.

टीव्हीवर विश्वजित जिन्याखाली पडलेला, चौथ्यांदा स्मृती जाण्याच्या बेतात. मला त्याचा हेवा वाटला. आक्काताई तावातावानं पुढं झाल्या, पण मागून एकजण म्हणाली, "थांबा, आदी भाग संपू द्या, मग भांडू." आणि खरंच सगळ्याजणी खाली बसल्या! राहिलेली आठ मिनिटं त्यांनी बघितली. मी उभीच होते.

भाग संपला. आत्यांनी हळू आवाजात विचारलं. (हळू! आमच्या आत्यांनी!) "सुमन, म्हंजे तुला दिसत नव्हतं?"

"दिसत हुतं, आत्या. फोनवर."

"आणि तू एकटीच बघत हुतीस?"

"व्हय."

"मी पाचपासनं जागीच असतो की," त्या म्हणाल्या. "हाक मारायची हुतीस. श्येजारी बसून बघिटलो असतो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खोटं बोलल्याचा राग नव्हता त्यांना, मला बोलावलं नाहीस याचा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण वन्संचं डोकं दुसरीकडंच चालत होतं. त्या शोभाताईंपुढं हात जोडून उभ्या राहिल्या. "ईनबाई, माफी करा. तुमचा पेला खरा निघाला. तुमच्याकडं साक्षात देव हाय, आणि आमच्याकडं निस्तं रिचार्ज. सोयरिक बरोबरीत करावी. ही बरोबरी न्हाय."

शोभाताई एवढं ऐकून गप्प बसल्या असत्या, तर त्यांचं देवपण जन्मभर टिकलं असतं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, मग पल्लवीकडं बघितलं. मग पर्समधून फोन काढला आणि पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला.

"माझ्या बी फोनातच हाय," त्या म्हणाल्या. "देव-बिव काय न्हाय."

रोहितचे वडील आल्यापासून पहिल्यांदा बोलले. "म्हंजे दुभती म्हस मी तुझ्या ॲपवरनं इकली?"

"ते नंतर बोलू," शोभाताई म्हणाल्या.

"दोन्ही घरं लबाड!" वन्संनी कपाळाला हात लावला.

"बरोबरी झाली की मग, आई!"

हे पल्लवी बोलली. ट्रे तिनं दाणकन खाली ठेवला होता. "तुमी सगळ्यांनी इश्वजितचं इचारलं, पेल्याचं इचारलं. मला कुणी इचारलं? मला रोहित पसंत हाय. दीड वर्स आमी बोलतोय. त्यो मध्यस्थ बी आमीच गाठलाय."

रोहित आमच्या फरशीचे तुकडे मोजायला लागला.

"आणि मामीला इचार असं तुला सुचिवलं कुणी? मी!" पल्लवी म्हणाली. "म्हटलं मामी कवा कुणाला न्हाय म्हणत न्हाईत. निस्तं सोमवारी या म्हणत्यात."

रोहितच्या वडिलांनी दातात अडकलेला साखरेचा कण जिभेनं सोडवला. "साखर तर खाऊन झालीया," ते म्हणाले. "आता मोडायचं तर ती परत कशी घ्यायची?" आत्यांनी 'हे बरीक खरं' म्हणून मान हलवली. आक्काताईसुद्धा हलवून गेल्या. वन्सं भिंतीला टेकून बसल्या, लेकीकडं बघितलं, मग जावयाकडं बघितलं आणि पदरानं डोळे पुसून हसल्या. सोयरिक राहिली. मी रस्सा वाढायला वळले.

तेवढ्यात वन्संना काहीतरी आठवलं. त्या माझ्याकडं वळल्या.

"पर वैनी, चार म्हैनं गल्लीभर सगळ्यांचं बघत हुतीस. माझी पोरगी तुझ्याच गॅलरीत बसून रोज तास-तास त्या पोराशी बोलत हुती. आणि तुला दिसलं न्हाय?"

आत्या, शोभाताई, आक्काताई, यजमान, अख्खी गल्ली माझ्या तोंडाकडं बघायला लागली. या वेळी मी डोळे मिटले नाहीत, खरं तेच सांगितलं.

"न्हाय, वन्सं. ते ॲपवर आलंच न्हाय."